‘नव’ हे विशेषण कोणासाठी?

सँडरिंगहॅमच्या रस्त्यावरील भारतीय दुकानांत आणि स्नेहसंमेलनांत एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : “जात तर कायद्याने केव्हाच गेली, तुम्हीच ती उकरून काढता.” असे बोलणाऱ्यांनी, आणि ते ऐकून माना डोलावणाऱ्या आमच्यातील काही सुशिक्षितांनीही, जपानच्या इतिहासातील १८७१ हे वर्ष अवश्य अभ्यासावे.

त्या वर्षी मेइजी सरकारने फर्मान काढून ‘एता’ आणि ‘हिनिन’ ही नावे रद्द केली. पहिल्याचा अर्थ अत्यंत मलिन, दुसऱ्याचा अ-मनुष्य. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, देहदंडाच्या जागची कामे करणे हे त्यांचे प्राक्तन ठरविलेले होते. वाचकांना ओळख पटावी! हे लोक यापुढे सामान्य प्रजाजनांच्या बरोबरीचे, असे फर्मानाने सांगितले. मात्र भरपाई म्हणून काहीही दिले नाही. कातड्याच्या धंद्यावरील परंपरागत हक्क आणि करातील सूट मात्र गेली.

वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. फर्मानाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७७१ मध्ये, सुगिता गेनपाकु व त्यांचे सहकारी वैद्य एदो नगरीत एका मृतदेहाचे विच्छेदन पाहावयास गेले. हाती डच ग्रंथ होता. सुरी मात्र नव्वद वर्षांच्या एका ‘एता’ वृद्धाच्या हाती होती. हृदय, यकृत, पित्ताशय तोच दाखवीत होता आणि विद्वान मंडळी ग्रंथातील आकृत्या ताडून पाहत होती. १७७४ साली या वैद्यांचा शरीररचनेवरील अनुवाद प्रसिद्ध झाला व जपानच्या आधुनिक वैद्यकाचा पाया घातला गेला. सुगितांचे नाव अजरामर झाले. त्या वृद्धाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ज्ञान ज्याच्या हातांत, तोच अपवित्र!

आता फर्मानानंतरचे पाहा. १८७२ च्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणी कारकुनांनी या माणसांपुढे ‘शिनहेइमिन’, म्हणजे ‘नवसामान्य’, असे लिहिले. जुने नाव गेले, पण ‘नव’ या एका अक्षरजोडीत ते सारेच्या सारे परत आले. १८७३ मध्ये मिमासाका भागात संतप्त शेतकऱ्यांनी त्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. (त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले सत्यशोधक समाजाची स्थापना करीत होते.) ती नोंदवही सर्वांसाठी बंद व्हावयास १९६८ साल उजाडले. तरीही १९७५ मध्ये उघडकीस आले की, अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या मोठमोठ्या कंपन्या गुपचूप विकत घेत होत्या. हेतू एवढाच, की तेथील उमेदवार नोकरीत येऊ नये.

“पण जपान तर बुद्धाचा देश!” असे कोणी म्हणेल. त्याच देशातील मंदिरांनी या लोकांच्या थडग्यांवर अवमानकारक मरणोत्तर नावे कोरली. १९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मपरिषदेत एका ज्येष्ठ जपानी बौद्ध धर्मनेत्याने आपल्या देशात असा भेदभावच नाही असे ठासून सांगितले. पुढे ते विधान त्यांना मागे घ्यावे लागले. परदेशी व्यासपीठावरून घरातली जात नाकारण्याची ही रीत आमच्या देशबांधवांनाही चांगलीच साधलेली आहे.

मग आमच्या माथी मारलेल्या ‘नवबौद्ध’ या शब्दाचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. तेव्हा जन्मलेली मुले आज आजी-आजोबा आहेत, तरी महाराष्ट्राच्या सरकारी योजनांच्या कागदांवरून हा शब्द गेलेला नाही. अन्य धर्म स्वीकारणाऱ्याच्या नातवाला कोणी ‘नव’ म्हणते काय? आडनाव बदलून, मुलांना काहीच न सांगता सुटका होईल असे मानणाऱ्यांनी ‘नवसामान्यां’च्या चार पिढ्यांना विचारावे. ती माणसे १९२२ मध्ये क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारून उघडपणे पुढे आली, तेव्हा कोठे त्यांचे म्हणणे ऐकले जाऊ लागले.

न्यूझीलंडच्या १९९३ च्या मानवी हक्क कायद्यात भेदभावाची जी कारणे मोजली आहेत, त्यांत वंश आहे, वर्ण आहे; जात नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने २०२३ मध्ये आपल्या नियमांत ती घातली. येथेही ती घालावी, हे मागण्याचे काम आमचे आहे. आणि आमच्या स्वतःच्या सभासदत्वाच्या अर्जावर केवळ ‘बौद्ध’ एवढेच लिहिण्याचे कामही.