लोखंड जुनं, दगड नवा

ग्राइंडर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इडली-डोशाचं पीठ येतं. पण पनवेलच्या एका ताईंच्या पत्रातला ग्राइंडर अगदीच वेगळा आहे. त्या लिहितात : ‘हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि यांना जुने बेंच ग्राइंडर जमवायचं वेड लागलं. गॅलरीत तीन आहेत, चौथा कळंबोलीला बघून ठेवलाय. तुळशीच्या कुंडीला जागा उरली नाही. शिवाय शेजारच्या बाई म्हणतात, या दगडांचा स्फोट होतो. भांडू की गप्प बसू?’

ताई, दोन्ही नको. ज्या वस्तूबद्दल आपल्याला काही ठाऊक नसतं, तिच्यावरून झालेलं भांडण आपणच हरतो. तेव्हा आधी ही वस्तू समजून घेऊ. ज्यांच्या घरी ग्राइंडर नाही, पण जुने रेडिओ, शिलाई मशिनं, घड्याळं यांची भरती चालू आहे, त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

बेंच ग्राइंडर म्हणजे बाकावर बोल्टांनी घट्ट बसवायचं धार लावायचं यंत्र. मध्ये विजेची मोटार, तिचा दांडा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला आणि दोन टोकांना दोन गोल दगड. एक खरबरीत, एक बारीक. पटाशी, छिन्नी, पहार, कोयता, काय वाटेल त्याला यावर धार लावता येते. सायकलवर चाक फिरवत ‘चाकू-सुऱ्यांना धार’ असं ओरडत येणारा धारवाला आठवतो ना? त्याचाच हा कारखान्यातला भाऊ समजा.

आता, यात जमवण्यासारखं काय आहे? जुन्या यंत्रांचं अंग ओतीव लोखंडाचं, जडशीळ. त्यामुळे चालताना ती थरथरत नाहीत. आतलं बेअरिंग झिजलं तर बदलता येतं, वायर कुजली तर नवी घालता येते. अशा यंत्राची नीट निगा राखली तर ते दुसऱ्या पिढीच्याही हाताला येतं. आणि दुसरी गोष्ट मनाची. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं कारखान्यात काढली, त्याला भंगारात पडलेलं ओळखीचं यंत्र बघवत नाही. आपण नाही का, आईच्या हातचा पितळेचा डबा मोडीत घालायला तयार होत नाही? तसंच हे.

अशा छंदाला वेड म्हणायची घाई करू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काय आहे? अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. दिनकर गंगाधर केळकरांनी या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या, तेव्हा त्या लोकांच्या घरात अडगळ म्हणून पडल्या होत्या. या कामात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला आहे. आज वीस हजारांहून जास्त वस्तूंचा तो ठेवा आहे. सगळ्यांच्याच गॅलरीत संग्रहालय होणार नाही, हे खरं. पण घरातल्या माणसाची साथ असेल तर अडगळीचा संग्रह होतो, नाहीतर संग्रहाचीही अडगळच होते.

पनवेलकरणींना तर या विषयाचं अप्रूप वाटायला हवं. एकेकाळी पनवेल बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव होतं. लोहार-सुतारांचा हात इथे जुनाच. आणि शेजारच्या उरण तालुक्यात, भाऊच्या धक्क्याहून लाँच जिथे लागते त्या मोऱ्याला, 1941 साली ग्राइंडवेल कंपनीनं धारेचे दगड बनवायचा कारखाना काढला. पुढे अमेरिकेतल्या नॉर्टन कंपनीशी तिचं नातं जुळलं आणि ग्राइंडवेल नॉर्टन हे नाव झालं. तुमच्या गॅलरीतल्या एखाद्या दगडावरच्या कागदावर हे नाव दिसलं, तर तो घराजवळचाच पाहुणा निघायचा!

या नॉर्टनची कूळकथाही ऐकण्यासारखी आहे. वुस्टर नावाच्या गावात फ्रँक नॉर्टन यांचा मातीची भांडी घडवण्याचा कारखाना होता. 1873 च्या सुमाराला तिथल्या एका कारागिरानं कुरुंदाची भुकटी मातीत कालवली, चाक घडवलं आणि भट्टीत भाजून काढलं. त्यातून धारेच्या चाकाचा धंदा सुरू झाला. म्हणजे हा ‘दगड’ डोंगरातून फोडून आणलेला नसतो. मातीच्या भांड्यासारखा भाजलेला असतो. आता मी सांगते ते इथेच लक्षात ठेवा : मातीच्या भांड्यासारखाच तो तडकतो.

शेजारच्या बाई म्हणतात त्यात तथ्य आहे ते याच कारणानं. आपल्याकडच्या विजेवर असा ग्राइंडर मिनिटाला साधारण 2850 फेरे घेतो. सहा इंची दगडाची कड त्या वेळी तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगानं पळत असते, आठ इंची असेल तर शंभराच्याही पुढे. द्रुतगती मार्गावरची मोटार आठवा. या वेगात तडकलेला दगड फुटला तर त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात. डोळा जातो, जीवही जाऊ शकतो. जुना दगड किती वर्षं कुठे पडला होता, किती वेळा खाली आपटला, ओलीत किंवा तेलात भिजला का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून घरात एकच नियम करा आणि त्यावरून हटू नका : लोखंड जुनं चालेल, दगड नवाच हवा. यंत्राबरोबर आलेला जुना दगड काढायचा आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून गोणपाटाखाली ठेवून फोडून टाकायचा. जुन्या कागदी चकतीवरचं नाव आठवण म्हणून हवं असेल, तर चकती ठेवून द्या.

नवा दगडसुद्धा वाजवून घ्यायचा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारतोच की. तीच परीक्षा इथे. कोरडा दगड भोकातून बोटावर किंवा खुंटीवर लटकवायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं कडेजवळ दोन्ही बाजूंना हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड धड. बद्द आवाज आला तर तो घरात आणायचा नाही, फुकट मिळाला तरी. ही पारख बायकांना पुरुषांपेक्षा चांगली जमते, असं माझं मत आहे.

दगडावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्राच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. दगडाच्या दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या शोभेच्या नसतात, त्या फाडायच्या नाहीत. आणि दगडाचं भोक दांड्यावर अलगद बसायला हवं. जुन्या विलायती यंत्रांचे दांडे इंचांच्या मापात असतात, त्यासाठी दुकानात वेगवेगळ्या मापांचे बुश मिळतात. भोक कानशीनं मोठं करणं किंवा दगड ठोकून बसवणं म्हणजे आपल्या हातानं तडा देणं.

आता तो कळंबोलीचा चौथा ग्राइंडर. यजमानांबरोबर तुम्हीही जा. लोखंड बाजार म्हणजे आपलं काम नाही असं म्हणून घरी बसू नका. साडी घेताना काठ, पदर, पोत बघता, तसं इथे काय बघायचं ते सांगते.

पहिली पाटी. यंत्राला चिकटवलेली धातूची पाटी जागेवर हवी. तिच्यावर व्होल्ट, सायकल आणि फेज लिहिलेले असतात. घरात आपल्याकडे बहुधा सिंगल फेज वीज असते, 230 व्होल्ट, 50 सायकल. कारखान्यातली बरीच यंत्रं थ्री फेजची असतात, ती घरच्या प्लगवर चालत नाहीत. मुंबईच्या दारूखान्यात जहाजं मोडून आलेला माल मिळायचा, तसल्या मालात डी. सी. विजेवरचं यंत्रही निघतं. ते बघायला देखणं, पण घरात बंदच राहणार. निव्वळ शोभेसाठी हवं असेल तर तसं ठरवून घ्या.

दुसरं, हातानं दांडा फिरवून बघा. वीज अर्थातच बंद. दांडा गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर आली तर बेअरिंग गेलं. दांडा वर-खाली हलवून पाहा, डुगडुगला तर सोडून द्या. जळका वास येत असेल तर आतली तार जळलेली आहे आणि मोटार नव्यानं गुंडाळायचा खर्च कधी कधी यंत्रापेक्षा जास्त होतो.

तिसरं, दगडावरची लोखंडी झाकणं, म्हणजे गार्ड, आणि दगडापुढची टेकण दोन्ही शाबूत आहेत का? जुन्या यंत्रांची ही झाकणं लोकांनी कधीच काढून फेकलेली असतात. झाकण नसलेलं यंत्र कपाटात ठेवा, चालवू नका.

चौथं, पैसे. इथे आपला हिशेबीपणा वापरा. यंत्राची किंमत, दोन नवे दगड, दोन बेअरिंगं, नवी वायर, इलेक्ट्रिशियनची मजुरी, आणायचं टेम्पोभाडं, सगळं आधी कागदावर मांडा आणि हार्डवेअरच्या दुकानात नव्या यंत्राची किंमत विचारून शेजारी लिहा. आकडा वर गेला तर ‘हौसेसाठी एवढे जास्त’ असं उघडपणे लिहा. हौसेला मोल असतं, पण ते दोघांनाही ठाऊक असावं. आणि पावती मागा. माल कुठला ते सांगायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून पैशाचीही वस्तू घेऊ नका.

यंत्र घरी आलं की लगेच प्लग लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेगर लावून तपासून घ्यायचं, जुनी कापडी वेष्टणाची वायर बदलायची आणि तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंग पक्कं करायचं. लोखंडी अंगात वीज उतरली तर ते सांगून येत नाही. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो हेही ध्यानात असू द्या. नाहीतर ‘सुटत नाही, सुटत नाही’ म्हणत माणूस तो आणखीच घट्ट करत बसतो.

चालवायचे नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. चष्म्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि तो डोळे बाजूनंही झाकणारा कामाचा चष्मा हवा, वाचायचा नव्हे. टेकण आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर वस्तू आत ओढली जाते. नवा दगड बसवल्यावर पहिलं एक मिनिट बाजूला उभं राहून यंत्र नुसतं फिरू द्यायचं. दगडाच्या कडेवरच काम करायचं, बाजूच्या सपाट अंगावर दाबायचं नाही. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम या दगडावर धरायचं नाही, कारण त्यांचा कीस दगडात भरतो आणि दगड तापतो. ठिणग्या उडतात त्या दिशेला रॉकेल, पेट्रोल, रंग, वाळत घातलेले कपडे, काही नको.

आणि तुम्ही स्वतः चालवणार असाल, तर जरूर चालवा, पण पदर नीट खोचून. ओढणी नको, सैल हातमोजे नकोत, वेणी बांधून वर. मंगळसूत्र आत घ्या किंवा काढून ठेवा. बांगड्या उतरवा. यात अपशकुन काही नाही. फिरत्या दांड्यात मंगळसूत्र अडकलं तर शकुन-अपशकुन बघायला वेळ मिळत नाही. मुलं घरात असतील तर काम झाल्यावर प्लग काढूनच ठेवायचा. बटण बंद केल्यावरही दगड बराच वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न : घरात तीन ग्राइंडर आणि विळी बोथट! ही तक्रार मला अनेक घरांतून ऐकू येईल अशी खात्री आहे. पण विळीचं पातं या वेगवान दगडावर धरायची घाई नको. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. विळीला आणि सुरीला हातानं घासायचा दगडच बरा, पाणी घालून, सावकाश. कोयता, खुरपं, नारळ सोलायची पहार यांना मात्र ग्राइंडर उत्तम. तेही दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवत.

जागेचं काय? एक आला तर एक गेला, असा नियम करा. तीन हा आकडा गॅलरीला पुरे. चौथा हवाच असेल तर तिघांतला एक कुणाला तरी द्यायचा. आयटीआयत शिकणारा एखादा होतकरू मुलगा, शेजारचा सुतार, फॅब्रिकेशनचं दुकान. आणि तुळशीची जागा या वाटाघाटीत धरायचीच नाही, ती पक्की.

शेवटची गोष्ट जरा जड आहे, पण सांगते. प्रत्येक यंत्राची एका वहीत नोंद ठेवायला यजमानांना सांगा. कोणत्या बनावटीचं, कुठून घेतलं, कितीला, काय दुरुस्ती केली, चालतं की नुसतं ठेवायचं. शेजारी फोटो चिकटवा. अनेक घरांत छंद असलेला माणूस अचानक जातो आणि मागे राहिलेल्या बाईला त्या लोखंडातलं काही कळत नाही. पंधरा दिवसांत भंगारवाला दारात येतो आणि किलोच्या भावानं सगळं घेऊन जातो. त्यात पैसा तर जातोच, पण त्या माणसानं वर्षानुवर्षं जे सांभाळलं, तेही ओळख न पटता जातं. वही असेल तर तुम्ही सांगू शकता, ‘हे किलोवर नाही विकायचं, याची मोटार चालू आहे.’

वही लिहिताना तुम्हीही शेजारी बसा. चार नावं कळतील, चार गोष्टी ऐकायला मिळतील. कारखान्यातल्या तीस वर्षांबद्दल यजमान घरात फारसं बोलले नसतील. एखाद्या यंत्राच्या निमित्तानं बोलतील.

तेव्हा ताई, कळंबोलीला जा. हातात वही-पेन्सिल घ्या, दांडा फिरवून बघा, पाटी वाचा, हिशेब मांडा. आणि परत येताना, यंत्र घेतलं असो वा नसो, नवे दगड आणि एक चांगला चष्मा घेऊनच या.