घरे दोन, गोष्ट एकच

घटस्फोट झाला की आपल्याकडे मुलाला सांगतात, "पप्पा कामाला बाहेरगावी गेलेत." मूल मात्र 'माझ्यामुळेच गेले' असे मनात धरून गप्प होते. त्याला खोदून विचारण्यापेक्षा रात्री दहा मिनिटे शेजारी बसून गोष्ट वाचावी, असे आम्हाला वाटते. गोष्टीतल्या हरवलेल्या पिल्लाविषयी ते बोलेल. बहुधा ते स्वतःविषयीच असते. तात्पर्य विचारू नये. तेच पुस्तक आईकडे आणि वडिलांकडेही जावे, कोर्टाच्या तारखा चालू असल्या तरी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. विहारांतही कपाटे आहेत, कुलपे तेवढी काढा!

मोठ्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मधील गृहत्याग पुन्हा वाचावा. तो घटस्फोट नव्हे. पण बाबासाहेबांचा सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून जात नाही. आईवडिलांशी, यशोधरेशी बोलून जातो. आपण मुलांशी एवढे तरी बोलतो का? आणि लाज कसली? हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क होता. ते रखडले तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले.

मुलाची झोप उडाली, अंथरूण ओले होऊ लागले, तर मात्र पुस्तकावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत.