उद्योगांची पाहणी : विचारले कोणाला?

एखाद्या देशात व्यवसाय करणे कितपत सुकर आहे हे ठरवावयाचे असेल, तर तेथील खासगी उद्योगांनाच विचारावे, ही कल्पना वरकरणी बिनतोड वाटते. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपणही म्हणतो. प्रश्न एवढाच उरतो, की ज्यांचे जळते त्यांपैकी कोणाच्या दारी पाहणीदार गेला आणि कोणाचे दार टाळून तो पुढे निघून गेला. आपल्या कार्यकर्त्यांना हा विषय रुक्ष वाटेल. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत कामगार कायदे, परवाने, दुकाने व आस्थापना यांविषयी जे निर्णय झाले, त्यांच्या समर्थनार्थ अशाच पाहण्यांचे आकडे व क्रमांक पुढे करण्यात आले. तेव्हा रुक्षपणा सोसूनही त्यांच्या मुळाशी गेलेच पाहिजे.

यांतील सर्वांत गाजलेला प्रकार जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ या अहवालाचा. २०१५ च्या अहवालात भारत १४२ व्या क्रमांकावर होता, २०२० च्या अहवालात तो ६३ व्या क्रमांकावर आला. या चढाईचे नगारे आपण सर्वांनी ऐकले. त्यामागची पद्धत मात्र फार थोड्यांनी पाहिली. वस्तुतः ही उद्योगांची पाहणी नव्हतीच. बँक वकील, हिशेबतपासनीस, सल्लागार अशा जाणकारांना एका काल्पनिक कंपनीविषयी प्रश्न विचारीत असे. ही कंपनी मर्यादित दायित्वाची, देशातील मोठ्या व्यापारी शहरात स्थापन होणारी, दहा ते पन्नास माणसे कामावर ठेवणारी. ती एक कोठार बांधणार, तेही वह्या-पुस्तके साठविण्याजोगे. त्याला १४० केव्हीएची वीजजोडणी घेणार. आणि या साऱ्याला किती दिवस, किती खेटे, किती खर्च, याचे उत्तर जाणकारांनी द्यावयाचे. भारतापुरते हे प्रश्न मुंबई व दिल्ली या दोनच शहरांविषयी होते. म्हणजे दोन शहरांतील एका कल्पित कोठाराच्या कागदपत्रांवरून आसेतुहिमाचल पसरलेल्या देशाचा क्रमांक निघाला!

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २०१८ व २०२० या दोन अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान या देशांच्या आकड्यांत गैरप्रकार झाल्याचे उघड झाले आणि १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकेने हा अहवालच बंद केला. भारताच्या आकड्यांवर तसा ठपका आला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्या काट्यावर वजन केले तोच मोडीत निघाल्यावर वजनाचा अभिमान किती काळ मिरवावा, याचे तारतम्य राज्यकर्त्यांना राहिले नाही.

त्याच बँकेची दुसरी पाहणी अधिक प्रामाणिक आहे. ‘एंटरप्राइझ सर्व्हे’ या नावाने ती दीडशेहून अधिक देशांत झाली. भारतात २०१४ व २०२२ मध्ये प्रत्येक वेळी नऊ हजारांवर उद्योगांच्या मालकांना वा वरिष्ठ व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटून प्रश्न विचारण्यात आले. वीज किती वेळा गेली, कर्ज मिळाले का, अधिकाऱ्याने काही मागितले का, असे थेट प्रश्न तीत असतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या कामाचे मोल मी नाकारीत नाही. परंतु तिच्या कक्षेची व्याख्या पाहा. शेतीबाहेरचा, रीतसर नोंदणी झालेला आणि किमान पाच माणसे कामावर असणारा खासगी उद्योग तेवढा तीत येतो; नमुनाही मुख्यतः मोठ्या औद्योगिक व व्यापारी केंद्रांतून निवडला जातो.

आता ही व्याख्या मी राहतो त्या शिरूर अनंतपाळला लावून पाहू. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादमधून वेगळा झाला आणि शिरूर अनंतपाळला तालुक्याचा दर्जा मिळाला तो १९९९ मध्ये. येथील बाजारपेठेतून सकाळी फेरी मारली तर काय दिसते? पिठाची गिरणी, कृषी सेवा केंद्र, किराणा व भुसार दुकाने, वेल्डिंगचे वर्कशॉप, पंक्चर काढणारा, मोबाईल दुरुस्त करणारा, शिलाईयंत्र घेऊन ओट्यावर बसलेला शिंपी, चहाचे हॉटेल, सोयाबीन-तुरीची किरकोळ खरेदी करून लातूरच्या आडतीवर नेणारा छोटा व्यापारी. यांपैकी पाच पगारी माणसे कितीजणांकडे आहेत? गिरणीत बाप आणि मुलगा, हॉटेलात नवरा-बायको आणि एक पोरगा, वर्कशॉपमध्ये मालक व एक शिकाऊ. बाजार गजबजलेला आहे; पण बँकेच्या व्याख्येने येथे जवळजवळ उद्योगच नाही.

हे केवळ शिरूरचे वैशिष्ट्य असते तर मी हा लेख लिहिला नसता. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या असंघटित आस्थापनांच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, शेती व बांधकाम वगळता, देशात अशा सुमारे ७.३४ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांत १२.०६ कोटी माणसे काम करीत होती. भागाकार केला तर दर आस्थापनेमागे दोन माणसेही येत नाहीत. बहुसंख्य ठिकाणी मालक हाच मजूर. पाचाची अट घातली की देशातील व्यवसायांचे सारे शरीर चाळणीतून खाली पडते आणि वर राहिलेल्यांचे मत ते ‘खासगी क्षेत्राचे मत’ ठरते.

पण ज्यांना विचारले नाही ते पाहणीत मुळीच नाहीत, असेही नाही. या प्रश्नावलीत शेवटाकडे पंधरा अडथळ्यांची एक यादी असते आणि त्यांतील सर्वांत मोठा अडथळा कोणता, ते उद्योजकाने सांगावयाचे असते. वित्तपुरवठा, जमीन, परवाने, भ्रष्टाचार, न्यायालये, गुन्हेगारी, सीमाशुल्क, वीज, वाहतूक, कराचे दर, करवसुलीची यंत्रणा, राजकीय अस्थैर्य अशी ती यादी आहे. उरलेल्या तिहींत एक आहे कामगारविषयक नियम, दुसरा पुरेसे न शिकलेले मनुष्यबळ आणि तिसरा ‘अनौपचारिक क्षेत्रातील स्पर्धकांची वागणूक’. म्हणजे ओट्यावरचा शिंपी पाहणीत उत्तर देणारा म्हणून येत नाही, तयार कपड्यांच्या कारखानदाराचा अडथळा म्हणून येतो. कामगारही बोलणारा माणूस म्हणून येत नाही. त्याच्या संरक्षणाचा कायदा आणि त्याचे अपुरे शिक्षण ही मालकाची तक्रार म्हणून नोंदली जाते. ज्यांच्याविषयी विचारले त्यांनाच विचारले नाही, असा हा न्याय आहे. अलीकडे बँकेने काही देशांतील निवडक शहरांत अनोंदणीकृत उद्योगांच्या वेगळ्या पाहण्या केल्या आहेत, हे खरे. पण त्यांच्या आधारे कोणत्या सरकारने धोरण बदलल्याचे माझ्या वाचनात नाही.

या पंधरांच्या यादीत नसलेल्या गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात. तीत ‘गिऱ्हाईक नाही’ हे उत्तर नाही. शिरूरच्या दुकानदाराला सर्वांत मोठी अडचण विचारा. परवाना, सीमाशुल्क वा न्यायालय त्याच्या तोंडी येणार नाही. तो सोयाबीनचा भाव सांगेल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडत होते. हा फरक शेतकऱ्याच्या घरी थांबत नाही. तो कापडाच्या दुकानात उतरतो, सोनाराकडे उतरतो, गवंड्याच्या रोजगारात उतरतो, कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत तर ठाण मांडून बसतो. पेरणीला दिलेले बियाणे-खत सुगीला वसूल व्हावयाचे. सुगीला भाव पडला की वही पुढल्या वर्षावर जाते. दुकानदार वाईट नाही, शेतकरी बुडवा नाही, आणि तरीही धंदा बसतो. एकही परवाना न लागता बसतो.

पाण्यालाही त्या पंधरांत जागा नाही. कारखान्यांना पाण्याविषयी अन्यत्र प्रश्न विचारतात, पण ‘सर्वांत मोठा अडथळा’ म्हणून पाणी निवडण्याची सोय नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या जिल्ह्यातील व्यवसायाचे हवामान कोणत्या खणात लिहावयाचे होते?

आपल्याकडे याहून शहाणी प्रश्नावली होती, हे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१०-११ मध्ये आणि २०१५-१६ मध्ये छोट्या आस्थापनांना त्यांच्या अडचणी विचारल्या, त्या यादीत मागणी घटणे आणि येणे वसूल न होणे ही दोन्ही उत्तरे होती. ज्यांनी ती यादी केली त्यांनी कधीतरी एखाद्या दुकानाच्या गल्ल्यापाशी बसून पाहिले असले पाहिजे. दुर्दैव असे, की या आकड्यांवरून कोणी नगारे वाजवीत नाही, कारण त्यातून देशाचा क्रमांक निघत नाही.

आणि आता तर मूळ याद्यांचीच शाश्वती उरलेली नाही. कोणतीही नमुना पाहणी यादीतून निघते. आर्थिक गणना १९७७ मध्ये सुरू झाली, तीमुळे गावोगावच्या आस्थापनांची मोजदाद होत असे. सहावी गणना २०१३ मध्ये झाली, तीत ५.८५ कोटी आस्थापना नोंदल्या गेल्या. २०१९ मध्ये सुरू झालेल्या सातव्या गणनेचे निष्कर्ष वर्षे लोटली तरी लोकांसमोर आले नाहीत. दिल्लीची नमुना पाहणी राज्याचा अंदाज देईल. शिरूर तालुक्यात किती व्यवसाय उघडले आणि किती मिटले, हे तीतून कळणार नाही. इकडे कंपन्यांच्या सरकारी यादीची गत पाहा. २०१६-१७ मध्ये सेवा क्षेत्राच्या पाहणीसाठी पाहणीदार त्या यादीवरील पत्त्यांवर गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्के कंपन्या एकतर सापडल्या नाहीत, बंद होत्या, किंवा भलताच व्यवसाय करीत होत्या. कागदावर आहे तो जागेवर नाही, जागेवर आहे तो कागदावर नाही!

अशा पाहण्यांतून निघालेल्या ‘सुलभते’ची किंमत कोणी दिली, याचे एक उदाहरण पुरे. महाराष्ट्रात १९४८ च्या कायद्याखाली दुकानांना नोंदणी करावी लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून वगळले. नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी ठरली. मालकाचे खेटे वाचले, ठीक. पण त्याबरोबर अशा दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलाचे कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला हेही त्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. तालुक्याच्या गावातील जवळजवळ सारा दुकाननोकर त्यात आला. त्याला कोणी विचारले होते? जागतिक बँकेच्या अहवालात एके काळी कामगाराला कामावरून काढणे जितके सोपे तितके गुण अधिक, असा निकष होता. जगभरच्या कामगार संघटनांनी विरोध केल्यावर बँकेला तो क्रमवारीतून काढावा लागला. निकष गेला, त्यामागची दृष्टी गेली नाही.

एवढे करून गुंतवणूक तरी धावून आली काय? सांख्यिकी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात मोठ्या खासगी उद्योगांना त्यांचे भांडवली खर्चाचे बेत विचारले. २०२४-२५ साठी ६.५६ लाख कोटी रुपयांचा अंदाज आला, २०२५-२६ साठी ४.८९ लाख कोटींचा. उद्योग पुढल्या वर्षाचे उत्तर सावधपणे देतात, असा खुलासा मंत्रालयाने केला आणि तो काही अंशी मान्य करता येईल. पण ज्यांच्यासाठी दहा वर्षे रस्ता झाडून ठेवला, तेच पाऊल टाकताना गिऱ्हाईक आहे का ते पाहतात, एवढे तरी यावरून दिसते. शिरूरचा किराणा दुकानदार हेच सांगत होता. फक्त त्याच्याकडे कोणी गेले नव्हते.

पाहणीचे शास्त्र आपल्याला परके नाही. धनंजयराव गाडगीळांनी १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे गोखले संस्थेने सबंध पुणे शहराची आर्थिक व सामाजिक पाहणी केली आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये निघाले. त्या कामाला लागणारी चिकाटी आपल्या तालुका शाखांत असू नये, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी कार्यकर्त्यांना सूचना आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या बाजारपेठेतील प्रत्येक व्यवसायाची, अगदी हातगाडीचीही, एका पानाची पाहणी करावी. विक्री गतवर्षीपेक्षा वाढली की घटली. उधारी किती थकली आणि ती कोणत्या पिकावर अवलंबून आहे. भांडवल बँकेचे, पतसंस्थेचे, बचत गटाचे की सावकाराचे, आणि व्याज किती. घरची माणसे किती राबतात, बाहेरची किती. नाव लिहू नये, कराचा क्रमांक विचारू नये. माझ्या विद्यार्थ्यांनी अशी एक पाहणी केली होती, तेव्हा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असे : “हे लिहून कुठं जाणार, सर?” कर खात्याचा माणूस नव्हे अशी खात्री पटेपर्यंत उत्पन्नाचा आकडा कोणी खरा सांगत नाही, उधारीचा मात्र लगेच सांगतो. नोकराचे पान वेगळे ठेवावे आणि ते मालक समोर नसताना भरावे, नाहीतर तेही मालकाचेच उत्तर होईल.

एक फेरी मृगाच्या पेरणीच्या सुमारास आणि दुसरी सोयाबीनचे पैसे हाती येतात त्या दिवाळीच्या आगेमागे व्हावी. आपल्या तालुक्यात जानेवारीत उजेड येथे महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. तेथे पाल ठोकून बसणारे दुकानदार कोणत्याच यादीत नसतात, त्यांच्यासाठी चार कार्यकर्ते दोन दिवस राखून ठेवावेत. भरलेली पाने जिल्हा कार्यालयाच्या कपाटात न टाकता त्यांची बेरीज-वजाबाकी तालुक्यातच करावी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच बाजारात जाहीर वाचून दाखवावी. चुकले असेल तर तेथले लोक तेथेच दुरुस्त करतील.