रंगाची बाग पोरांनी लावावी, वहीही पोरांनीच ठेवावी



भोकरदन तालुक्यातल्या आपल्या धावड्याचे आणि एका झाडाचे नाव एकच. धावड्याचा डिंक लाडवात जातो, हे घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या पाल्याच्या तुरट रसात लोखंडाचे पाणी पडले की काळा रंग उतरतो, हे मात्र आपण विसरलो. जालन्यात भंगार लोखंडाला तोटा नाही. गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस आंबवले की काम झाले.

तेव्हा सूचना अशी, की शाळेच्या आवारात दोन गुंठ्यांत विद्यार्थ्यांनी रंगझाडांची बाग लावावी. नीळ, झेंडू, करडई, कडेला एखादी बारतोंडी. पळस बांधावर आहेच, डाळिंबाची साल उकिरड्यावर जातेच आहे.

खरी गोष्ट करडईची. आपण तेलासाठी पेरतो, पाकळ्या वाळून वाऱ्यावर जातात. फुले कोमेजल्यावर पाकळ्या तोडल्या तर दाणा घटत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हे बिनकाट्याचे वाण काढले, त्यामुळे हातही रक्ताळत नाहीत. पिवळा रंग साध्या पाण्यात धुऊन काढायचा, मग खाराच्या पाण्यात लाल सुटतो, लिंबू पिळले की कापडावर बसतो. सारे बादलीत होते.

कोणी विचारील, याने कोणाचे कर्ज फिटणार? नाही फिटणार. बाजार लहान आहे. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि आपल्या निळीचे मळे मोडले. त्या मळ्यांसाठी रडायचे कारण नाही. चंपारणात वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे नीळ कुळाला लावावीच लागे आणि भाव गोरा मळेवाला ठरवी. १९१७ साली गांधीजी तिथे गेले, १९१८ च्या कायद्याने ती सक्ती गेली. पीक तेच, पण भाव दुसऱ्याच्या हातात होता.

१९९७ साली भारताने अनेक अझो रंगांवर बंदी घातली. नैसर्गिक रंगाचे कापड शहरात चढ्या भावाने विकले जाते. उद्या कोणी कराराचा कागद घेऊन गावात आला, तर एक किलो पाकळ्या तोडायला किती तास लागतात हे आपल्याला सांगता यायला हवे. एकराचा जुगार शेतकऱ्याला परवडत नाही, दोन गुंठ्यांची परीक्षा शाळेला परवडते. पाणी किती, तास किती, कापड किती रंगले, सगळे वहीत यावे. मजुरी निघाली नाही तर तेही लिहावे आणि ग्रामसभेत वाचावे.

मात्र पाणी मुलींनी घालायचे आणि वही मुलांनी धरायची असे ठरणार असेल, तर बाग न लावलेली बरी. पाहुण्यांच्या सत्कारासाठी पाटी रंगवायची असेल तरीही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्याची पाळी कोणाची, हे आधी ठरवा.

करडईची पेरणी सप्टेंबरअखेरीपासून. बियाण्याची वर्गणी पोळ्यापर्यंत जमली पाहिजे.