मात्सुमोतोच्या गिटारी

स्वामित्वाचा शिक्का आणि कारागिरीचा कस यांची नोंद एकाच दप्तरी होते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी जपानच्या नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथे 1982 पासून घडलेल्या, आणि आता उत्पादनातून बाद झालेल्या, फेंडर गिटारींचा इतिहास अवश्य पाहावा. 1965 साली सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडरचा ताबा घेतल्यावर अमेरिकी मालाचा दर्जा उत्तरोत्तर खालावत गेला, आणि तोकाई, ग्रेको प्रभृती जपान्यांनी जुन्या नमुन्यांच्या इतक्या निष्ठेने नकला केल्या, की मूळ मालकाला अखेर नक्कलकारांच्याच कारखान्याशी करारमदार करणे प्राप्त झाले. गिब्सनच्या चालकांनी 1977 मध्ये अशाच नकलांवरून जपानी इबानेझच्या वितरकांवर फिलाडेल्फियात दावा गुदरला होता. त्यापेक्षा फेंडरचा हा तह मला शहाणपणाचा वाटतो.

‘जेव्ही’ अनुक्रमांकाची 1957 च्या स्ट्रॅटोकास्टरची प्रतिकृती निरखावी: अखंड मेपलची मान, आणि आठच स्क्रूंनी बसविलेली एकपदरी पांढरी पिकगार्डची पट्टी. 1985 साली सीबीएसने कंपनी विकली तेव्हा फुलर्टनचा कारखाना सौद्यात नव्हता. नवा कारखाना उभा राहीपर्यंत नावाची अब्रू मुख्यत्वे या जपानी मालानेच राखली. गिब्सननेही 1988 मध्ये जपानात ‘ऑर्व्हिल’ ही छाप काढली आणि दहा वर्षांनी गुंडाळली.

अमेरिकी मालाहून स्वस्त म्हणून विद्यार्थ्यांनी घेतलेल्या या वाद्यांवर आता संग्राहकांनी दुर्मिळतेचा कर बसवावा, हे मला मुळीच रुचत नाही. पडदे झिजून बदललेली गिटार त्यांच्या लेखी कमअस्सल ठरते. माझ्या लेखी तीच खरी खणखणीत.