चित्रं काढलीत, पण कशी?

लायब्ररीत फायनल इयरचे जुने प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवतात तो कोपरा बरोबर पंख्याखाली येतो. त्यामुळे उन्हाळ्यात आमचं बरंच वाचन त्याच विषयातलं होतं! या वाचनातून लक्षात आलेली गोष्ट अशी, की हल्ली दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये कॅमेरा आहे. चौकातली वाहनं मोजा, हेल्मेट ओळखा, पिकावरची कीड ओळखा. सगळ्यांची सुरुवात एकाच कामाने होते, ते म्हणजे व्हिडिओतून सुटी चित्रं काढणं. आणि या कामाबद्दल रिपोर्टमध्ये काय असतं? एक वाक्य. ‘व्हिडिओचे फ्रेम्समध्ये रूपांतर करण्यात आले.’ पुढे पानंच्या पानं न्यूरल नेटवर्कच्या आकृत्या. माझं स्पष्ट मत आहे, की ते वाक्य खोडून तिथे वापरलेली कमांड जशीच्या तशी छापावी, आणि व्हायव्हाचा पहिला प्रश्न तिच्यावरच यावा.

कमांड म्हणजे अर्थातच एफएफएमपेगची. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली हे सुरू केलं. नावातलं ‘एफएफ’ म्हणजे फास्ट फॉरवर्ड. फुकट आहे, सोर्स खुला आहे, लिनक्स-विंडोज दोन्हींवर चालतं. फक्त खिडकी नाही, बटण नाही. काळा स्क्रीन बघूनच निम्मी जनता गळते आणि व्हीएलसी लावून एकेक स्क्रीनशॉट मारत बसते. तिथेच खरी गंमत हुकते.

कारण खरी गंमत कच्च्या व्हिडिओत आहे. आपल्या मोबाइलमधली एमपी४ फाइल स्वतःची ओळख स्वतः देते. मी अमुक रुंद, तमुक उंच, सेकंदाला इतके फ्रेम. कच्ची वाययूव्ही फाइल म्हणजे लेबल नसलेलं पोतं. आत नुसते आकडे. व्हिडिओ कॉम्प्रेशनवाल्यांमध्ये ‘फोरमन’ नावाची एक क्लिप प्रसिद्ध आहे. हेल्मेट घातलेला मुकादम कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, मग कॅमेरा बांधकामाकडे वळतो. साइज ३५२ बाय २८८, फ्रेम ३००. एका फ्रेममध्ये आधी उजेडाचे १,०१,३७६ बाइट, मग रंगाचे दोन गठ्ठे, प्रत्येकी त्याच्या पाव. एकूण १,५२,०६४. गुणिले ३०० केले की फाइलचा आकार बरोबर ४,५६,१९,२०० बाइट येतो. हा गुणाकार स्वतः करून बघा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तोच आकडा दिसला की जो आनंद होतो तो वेगळाच!

आता चित्रं काढू. हॉस्टेलमध्ये कमांड पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगायची पद्धत आहे, तशीच देतो. एफएफएमपेग, डॅश एफ रॉव्हिडिओ, डॅश पिक्सेल अंडरस्कोअर फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, डॅश व्हिडिओ अंडरस्कोअर साइज ३५२ एक्स २८८, डॅश फ्रेमरेट ३०, डॅश आय आणि फाइलचं नाव, शेवटी चित्र अंडरस्कोअर टक्का शून्य चार डी डॉट पीएनजी. त्या टक्क्यामुळे नावात ०००१, ०००२ असे नंबर पडतात. डॅश आयच्या आधी जे लिहाल ते आत येणाऱ्या फाइलबद्दल, नंतरचं बाहेर जाणाऱ्या चित्रांबद्दल. ही एक गोष्ट कळली की निम्मं एफएफएमपेग आलं म्हणायचं.

साइज द्यायची राहिली तर ते सरळ एरर देतं. चुकीची दिलीत तर? बिनतक्रार चित्रं देतं! रुंदी थोडी इकडेतिकडे झाली की चित्र तिरकं घसरतं. ३५२ बाय २८८ ऐवजी १७६ बाय १४४ सांगा. लहान फ्रेम ३८,०१६ बाइटची, म्हणजे मोठीच्या बरोब्बर पाव. भागाकार निःशेष जातो, ३०० ऐवजी १,२०० चित्रं मिळतात, सगळी कचरा, आणि स्क्रीनवर एरर एकही नाही. रंगाचे दोन गठ्ठे उलटसुलट झाले तर मुकादमाचा चेहरा निळा पडतो. निदान या चुका डोळ्यांना दिसतात तरी.

न दिसणारी चूक फ्रेमरेटची. तो सांगितला नाही तर कच्च्या फाइलसाठी एफएफएमपेग २५ धरून चालतं. दहा सेकंदांची फोरमन मग बारा सेकंदांची होते. दर सेकंदाला एक चित्र मागितलं तर दहाच्या जागी बारा येतात, आणि सगळी सुरेख! आता समजा कोणी रस्त्यावरच्या वाहनांचा वेग मोजतोय. कॅमेरा ३० ने चालला, हिशेब २५ ने झाला. ताशी ६० किलोमीटरने गेलेली गाडी कागदावर ५० ने जाते. आलेख छान, निष्कर्ष छान, चित्रं झकास. चूक कोण पकडणार? रास्पबेरी पायवरून थेट लिहिलेल्या एच.२६४ फाइललाही हेच लागू. साइज तिच्या पोटात असते, पण फ्रेमवर वेळेचे शिक्के नसतात. म्हणजे वेग आपणच सांगायचा.

जेपेग की पीएनजी यावर भांडणारे भेटतात. भिंतीतल्या भेगेची रुंदी मोजायची असेल तर पीएनजी. नुसतं रिपोर्टात चिकटवायचं तर जेपेग चालेल, क्यू-व्ही २ ठेवा (हा आकडा २ ते ३१, जितका लहान तितकं चित्र चांगलं). ‘पीएनजीत काहीच बदलत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. वाययूव्हीचं आरजीबी करताना आकडे थोडे इकडेतिकडे होतातच. असो.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र ‘अॅक्युरसी ९८ टक्के’वाल्यांचा. दहा मिनिटांची क्लिप सेकंदाला ३० ने फोडली की १८,००० चित्रं होतात. डेटासेट केवढा मोठा, म्हणून सगळे खूश. ती पत्त्यांसारखी पिसायची, ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के परीक्षेला. पण शेजारच्या दोन फ्रेममध्ये अंतर एका सेकंदाच्या तिसाव्या भागाचं! परीक्षेतल्या बहुतेक प्रत्येक चित्राचा जुळा भाऊ मॉडेलने आधीच पाहिलेला असतो. याला आपल्याकडे पेपरफुटी म्हणतात. चित्रं सेकंदाला एक काढा, आणि शिकवायच्या क्लिप व परीक्षेच्या क्लिप आधीपासूनच वेगळ्या ठेवा, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या असल्या तर उत्तम. टक्के उतरतील. उतरू देत की.

मित्र म्हणतात, एवढं कशाला, साइटवर व्हिडिओ टाकला की चित्रांची झिप मिळते. मिळते ना. पण फ्रेमरेट काय धरला, किती फ्रेम गाळल्या, जेपेग किती दाबलं, यातलं काय सांगू शकाल? आणि हॉस्टेलच्या गेटवरच्या कॅमेऱ्याची क्लिप, सगळ्यांच्या चेहऱ्यांसकट, कोणाच्या सर्व्हरवर जाऊन पडली? शिवाय कच्चा व्हिडिओ साइटवर चढवून तर बघा! १९२० बाय १०८० चा एक फ्रेम ३१,१०,४०० बाइटचा. सेकंदाला २५ धरले तरी एका मिनिटाचे साडेचार जीबीच्या वर. हॉस्टेलच्या नेटवर तेवढ्यात सेमिस्टर संपेल.

सर-मॅडमना एवढीच विनंती, की रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये अर्ध्या पानाचं एक परिशिष्ट वाढवा. त्यात कमांड, मूळ क्लिपचा साइज आणि फ्रेमरेट, एकूण किती चित्रं निघाली, आणि एफएफएमपेगची आवृत्ती. ती शोधायलाही लागत नाही, कमांड चालवल्यावर पहिल्याच ओळीत छापून येते. जागा कमी पडत असेल तर न्यूरल नेटवर्कची एखादी आकृती लहान करायला आमची काही हरकत नाही.