‘पाकिजा’तलं दुःख कुणाचं?

‘पाकिजा’ला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी साताऱ्यापासून मिरजेपर्यंत आमच्या लोकांत या सिनेमाचा विषय निघाला की एकमत होत नाही. गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम अनेकांना विचारलं. चार प्रकारची उत्तरं मिळाली.

जुन्या पिढीतल्या बायकांना हा सिनेमा अजून रडवतो. तरुण पोरं म्हणतात, दिसायला भारी आहे, पण फार संथ. दीनदार मंडळींचा आक्षेप सरळ आहे : तवायफेची गोष्ट बघायची कशाला? आणि सांगलीतले एक चाचा म्हणाले, ‘‘यात आपण कुठं आहोत? माझा बाप गाद्या पिंजायचा. आमच्या घरात झुंबर नव्हतं, कंदील होता.’’

संथपणाचं आधी बघू. कमाल अमरोहींनी हा सिनेमा पन्नासच्या दशकात हाती घेतला. सुरुवातीचं काही चित्रण कृष्णधवल होतं, मग रंग आला, सिनेमास्कोप आला. 1964 मध्ये ते आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि काम थांबलं. 1967 मध्ये जर्मन छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग गेले, 1968 मध्ये संगीतकार गुलाम मोहम्मद गेले. 1969 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. 4 फेब्रुवारी 1972 रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो लागला. सुरुवातीला प्रतिसाद कोमट होता. 31 मार्चला मीनाकुमारी वारल्या आणि थिएटरं भरू लागली. लोक साहिबजानसाठी रडत होते की मीनाकुमारीसाठी, हे तेव्हाही वेगळं करता आलं नसेल. हा संथपणा मला खटकत नाही. रेल्वेची लांबून येणारी शिट्टी, पिंजऱ्यातला पक्षी, झाडाला अडकलेला पतंग यांतून साहिबजान जे तोंडाने बोलू शकत नाही तेच दिसतं. त्याला वेळ लागणारच.

चाचांचा प्रश्न मात्र सोपा नाही. सातारा-सांगलीतला मुसलमान म्हणजे बागवान, तांबोळी, अत्तार, मुल्ला, शिकलगार, नदाफ. आमच्या घरात ‘कायकू’ आणि ‘नक्को’वाली दख्खनी चालते, दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. तरीही कुणी नवा ओळखीचा माणूस हमखास विचारतो, ‘‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’’ या प्रश्नामागे असे सिनेमे आहेत. पडद्यावरचा मुसलमान शेरवानी घालतो, शेर म्हणतो आणि उसासे टाकतो. त्याची दुनिया संपलेली असते, म्हणूनच ती सगळ्यांना सुंदर वाटते. गेलेल्या नवाबावर प्रेम करायला काही खर्च येत नाही. मंडईत समोर बसलेल्या बागवानाला आपला म्हणायला मात्र थोडं मन मोठं करावं लागतं.

पण म्हणून ‘पाकिजा’ परका ठरत नाही. ती देखणी कोठेवाली दुनिया उभी करणाऱ्या कला दिग्दर्शकाचं नाव एन. बी. कुलकर्णी. त्यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. साहिबजानचा आवाज लता मंगेशकरांचा, ज्यांचं लहानपण सांगलीत गेलं. मराठी गायिकांच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो, असं दिलीपकुमारांनी त्यांना ऐकवलं होतं. त्यावर चिडून न बसता त्यांनी मौलाना गाठले आणि उर्दूची शिकवणी लावली. भाषा आणि तहजीब धर्मासोबत जन्माला येत नाही, मेहनतीने मिळवावी लागते. सांगलीच्या मुलीने मिळवलेली उर्दू ऐकून लखनौ डोलतं, तर आमच्या मराठीचं आश्चर्य का वाटावं?

आता दीनदार मंडळींना उत्तर. या सिनेमात बदनाम बाई आहे हे खरं. पण कसूर कुणाचा आहे, ते नीट बघा. शहाबुद्दीनला घरच्यांपुढे उभं राहण्याची हिंमत नाही. त्यामुळे नर्गिस कब्रस्तानात बाळंत होऊन मरते आणि तिची मुलगी पुन्हा कोठ्यावरच वाढते. शेवटी वरात कोठ्याच्या दारी येते तेव्हा लाज पुरुषांच्या बाजूला गेलेली असते. हा सिनेमा रखडलेला होता त्याच काळात, 18 एप्रिल 1966 रोजी, हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. सिनेमातलं दुःख गाण्यांतून बोललं, या सात जणींनी ते कायद्याच्या भाषेत मांडलं. आमच्या खाला पडद्यासमोर का रडतात, हे ज्याला समजलं त्याला हा मोर्चाही समजेल.

म्हणून मला ‘पाकिजा’ हवा आहे, पण तेवढाच पुरेसा नाही. मिरजेत शिकलगारांनी तलवारींना धार लावणं सोडून सतारी घडवायला घेतल्या, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. पंढरपूरकडचा भोपळा येतो, तो वाळतो, कोरला जातो, तारा चढतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीत प्रेम जमत असेल, मोडत असेल. तिथल्या एखाद्या मुलीची गोष्ट इतक्याच सबुरीने, इतक्याच देखण्या रंगांत कुणी सांगितली, तर चाचांना विचारावं लागणार नाही की यात आपण कुठं आहोत. आणि ती गोष्ट मराठीत असेल, थोडी दख्खनीत.